लाइट आली का?

दिवाळीनंतर माझी सोनोग्राफी झाली आणि तेव्हापासून आमच्या घरातलं सगळंच लाइट झालं. पोट फुगल्यासारखं वाटतं म्हणून गेलो होतो, निघालं फॅटी लिव्हर, ग्रेड वन. जन्मात पहिल्यांदा कशात तरी ग्रेड वन आलो म्हणून मी बायकोकडे बघून हसलो पण तिकडून काही हसू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दारू कमी करा, बंदच केली तर उत्तम." त्यातलं स्वल्पविरामाच्या अलीकडचं मी ऐकलं, पलीकडचं बायकोनं ऐकलं, आणि तेव्हापासून आमचा संसार त्या स्वल्पविरामावर बसलेला आहे.

मग सुरू झालं. तेल बदललं, मीठ बदललं. शेवभाजीवरची तर्री ती चमच्यानं अलगद काढते आणि वाटीत घालून ती वाटी माझ्याच समोर ठेवते, म्हणजे काय काढलंय ते जेवताना दिसत राहावं. फौजदारी डाळीत मिरच्या इतक्या कमी पडायला लागल्या की एक दिवस मी म्हटलं, अगं ही फौजदारी नाही राहिली, दिवाणी डाळ झाली, पुढची तारीख कधी? तर म्हणे पुढची तारीख डॉक्टरांनी तीन महिन्यांनी दिलीये, तोवर गप खा.

तेही सहन केलं. मे महिन्यात जळगावात ४५ डिग्रीत दुकान उघडून बसणारा माणूस मी, डाळीचं काय घेऊन बसलात. पण डिसेंबरात एक दिवस दुकानातून घरी आलो (चटयांचं दुकान आहे, प्लास्टिकच्या, जळगावात राहून चटई नाही विकणार तर काय विकणार) तर बायको फोनवर तिच्या भावाशी बोलत होती आणि शेवटचं वाक्य तेवढं कानावर पडलं, "हो हो, तीच आण, पण त्यातली लाइट आण."

पोटात गोळा आला. लिव्हरच्या बरोबर शेजारी.

आता "तीच" म्हणजे कोण ते सांगावं लागेल. तिचं नाव डूवेल. बेल्जियमची बिअर. आमच्या ग्रुपमध्ये तिला धुवेल म्हणतात कारण ती माणसाला धुवून काढते. मी काही रोजचा पिणारा नाही, वर्षातून सात-आठ वेळा, त्यातही चारदा कुणाच्या तरी हळदीला. पण २०१९ मध्ये आम्ही दोघं मेहुण्याकडे बेल्जियमला गेलो होतो, तो तिकडे आयटीत आहे, तेव्हा अँटवर्पला एका पबमध्ये त्यानं ही बाई समोर आणून ठेवली आणि मी कामातून गेलो.

दिसायला एकदम साधी. पिवळीधम्मक, स्वच्छ, आरपार दिसणारी, वर पांढराशुभ्र फेस, असं वाटतं की ही माइल्डच असणार. आपल्याकडे बिअर घ्यायची पद्धत म्हणजे जाळीच्या खिडकीतून दोनच प्रश्न, स्ट्राँग आहे का आणि चिल्ड आहे का. तिकडे तो वेटर पोट फुगलेला, ट्युलिपच्या फुलासारखा ग्लास घेऊन आला, तिरका धरला, इतकं हळू ओतलं की मधे मी एकदा सगळा चौक बघून घेतला. अख्खी बाटली त्या एका ग्लासात मावते, ग्लास मुद्दाम तसाच बनवलाय, आणि त्याच्या तळाला इंग्रजी डी कोरलेला असतो, त्या कोरीव जागेवरून बुडबुडे वर येत राहतात आणि फेस टिकतो. पण त्यानं शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवलं. मी मनात म्हटलं, वा रे वा, आमचा दूधवाला पण एवढं माप मारत नाही, आणि त्याच्या हातातून बाटली घेऊन ते बोटभर स्वतः ओतून घेतलं. तो गाळ होता. यीस्टचा. ही बिअर बाटलीत भरल्यावर आतल्या आत पुन्हा एकदा आंबते आणि तो साका खाली बसतो, म्हणून तो सोडायचा असतो. वेटर काही बोलला नाही, फक्त मेहुण्याकडे असं बघितलं की याला कुठून आणला.

मेहुणा म्हणत होता, "दाजी, हळू. साडेआठ टक्के आहे." मी म्हटलं, अरे आम्ही स्ट्राँगवाले लोक, पोहायला शिकलो तेच तापीत. तीन घेतल्या. अँटवर्पच्या त्या मोठ्या चर्चला खरं तर दोन मनोरे बांधायचे होते, एकच पूर्ण झाला, १२३ मीटरचा, आणि दुसरा शेकडो वर्षं अर्धवटच राहिलाय. मला त्या रात्री दोन्ही पूर्ण दिसले.

आणि गंमत म्हणजे तिला नावच सैतानाचं आहे. ब्रेनडोंक नावाच्या गावात १८७१ पासूनची ब्रुअरी, मोर्टगाट घराण्याची. पहिलं महायुद्ध संपलं म्हणून त्यांनी विजयाची बिअर काढली, नावही तेच ठेवलं, व्हिक्टरी. तिच्यासाठी यीस्ट आणायला त्या घरातला एक गडी पार स्कॉटलंडला गेला होता. हे वाचून मला आईच आठवली, दही नीट लागावं म्हणून ती विरजण अजूनही भुसावळच्या मावशीकडून आणते, शेजारच्या वाटीवर तिचा विश्वास नाही. तर १९२३ मध्ये गावातल्या एका बूट शिवणाऱ्यानं ती बिअर चाखली आणि म्हणाला, ही तर खरी सैतान आहे! झालं, विजय बाजूला राहिला आणि सैतान चिकटला, कारण तिकडच्या बोलीत सैतानाला डूवेल म्हणतात. गावातल्या माणसानं एकदा नाव पाडलं की ते जात नाही, हे आमच्या जळगावजवळच्या असोद्यात जसं आहे तसं ब्रेनडोंकलाही आहे.

येताना मी तो ट्युलिप ग्लास विकत घेऊन आलो होतो. शोकेसमध्ये ठेवला. चारच दिवसांनी बघतो तर शोकेसमध्ये नाही. आईनं देवघरात नेला होता, सकाळची फुलं ठेवायला, कारण "तोंड कसं छान रुंद आहे, जास्वंद मावते." सैतानाचा ग्लास आहे हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हापासून आमचे बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सप्तशृंगीचा फोटो डूवेलच्या ग्लासातली फुलं घेतात आणि अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

तर आता ही लाइट. मेहुण्याला फोन लावला, म्हटलं, असली काही भानगड खरंच असते का? म्हणे असते ना दाजी, ब्रुअरीला दीडशे वर्षं झाली तेव्हा २०२१ मध्ये काढली, टक्के ६.६६. आता ख्रिश्चन लोकांत ६६६ हा सैतानाचा आकडा. म्हणजे सैतानालाही वजन कमी करायचं सुचलं, पण बहाद्दरानं ते स्वतःच्या नंबरात बसवून केलं. आमच्यासारखं नाही, की ग्रेड वन येईपर्यंत वाट बघायची.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेहुणा आला. बॅग उघडली तर स्वेटरच्या बाह्यांमध्ये एकेक बाटली, तान्ही लेकरं गुंडाळावी तशी. सहा बाटल्या. विमानानं येताना दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही, ३३० मिलीच्या सहा म्हणजे १९८० मिली. इंजिनिअर माणूस, सरकारला फक्त २० मिली सोडले. मी सगळ्या बाटल्या उलट्यासुलट्या करून बघितल्या, वाटलं एखादी तरी चुकून साडेआठची आली असेल. सहाच्या सहा ६,६६. तिकडे पॉइंटऐवजी कॉमा देतात, त्यामुळे आईनं विचारलं, "सहा रुपये सहासष्ट पैशाला मिळते का रे? मग स्वस्त आहे."

गाडीत हादरलेल्या बाटल्या एक-दोन दिवस उभ्या ठेवाव्या लागतात, गाळ खाली बसायला. तो मान मी माठाशेजारच्या कोपऱ्याला दिला आणि शेतकरी मित्राला फोन लावला कारण या असल्या गोष्टी भरीत पार्टीशिवाय होत नाहीत. त्याचं शेत असोद्याकडे. मी आनंदानं म्हटलं, "भो, लाइट आली!" तो म्हणे, "कुठं आली? आमच्याकडं तं रात्री बाराला येते, मोटर चालू करायला उठा लागते." दोन मिनिटं आमचं दोघांचं अगदी नीट बोलणं चाललं होतं. तो विचारतोय किती तास राहील, मी म्हणतोय सहा आहेत, तो म्हणतोय नशीब आहे भो तुमचं.

शनिवारी संध्याकाळी निघालो. निघताना देवघरातून ग्लास हळूच उचलला, फुलं ताम्हनात काढून ठेवली, तर मागून आई, "फुलाचा ग्लास कुठं नेऊ राहिला?" म्हटलं, एकाला दाखवायचाय. खोटं नव्हतं.

शेतात बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता, पण थंडी ९ डिग्री होती. बाटल्या हौदावर ठेवल्या तर कुठल्या फ्रिजची मजाल. तिकडे कपाशीच्या पऱ्हाट्या पेटलेल्या, त्यावर वांगी. भरिताची वांगी म्हणजे ती जांभळी नव्हेत बरं का, आमची हिरवी, हातभर नाही पण वीतभर तरी, आत बी नावाला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, उगाच नाही. साल काळी पडून तडकली की आतून पाणी सुटतं आणि ते निखाऱ्यावर पडून चुर्र होतं, तो वास आला की आमच्यातला जो कोण उधारीचं बोलत असेल तो आपोआप गप्प होतो. मग हिरव्या मिरच्या, लसूण, सगळं बडगीत ठेचायचं, वरून शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल किती घातलं हे मी इथं लिहीत नाही कारण बायको वाचते.

आम्ही सहा जण. शेतवाला, धुळ्याचा एक, यावलचा एक, मेहुणा, मी आणि आप्पा. आप्पा माळकरी. पीत नाहीत, पण प्रत्येक पार्टीला असतात कारण परतताना गाडी चालवायला शुद्धीतला माणूस लागतो, आणि भरीत त्यांच्याएवढं कुणी खात नाही.

ओपनर कुणीच आणला नव्हता. शेतवाल्यानं मोटारीचा पाना लावला आणि टॉक करून बूच उडवलं, तर आतून जो फेस निघाला तो थांबेचना! शेतरस्त्यावरच्या खड्ड्यांनी माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं होतं. तो म्हणे, "अरे अरे, दूध उतू चाललं," आणि तोंड लावलं, अर्धी मिशी पांढरी. अर्धी बाटली चटईवर गेली. चटई माझ्याच दुकानातली, फुकट दिलेली. म्हणजे दोन्हीकडून माझंच.

दुसरी बाटली मी स्वतः घेतली. त्या वेटरची आठवण काढून ग्लास तिरका धरला, हळू ओतलं, बोटभर खाली सोडलं, या वेळी गाळाकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाकीच्यांना स्टीलचे पेले. फेस तसाच चढला, रंग तसाच, थोडीशी धुरकट. पऱ्हाटीच्या उजेडात ग्लास वर धरला तर तळाच्या डीवरून बुडबुड्यांची माळ निघालेली. दिसायला तीच. मी डोळे मिटले.

आधी वास. खरं सांगतो, वास जास्त होता, साडेआठवालीपेक्षा जास्त. संत्र्याची साल नखानं दाबली की डोळ्यात फवारा उडतो ना, तसा. मेहुणा सांगायला लागला की हिच्यात सहा प्रकारचे हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडसरपणा देणारी फुलं, आहेत आणि काही उकळताना नाही, नंतर गार असताना घालतात, त्यामुळे वास उडून जात नाही. यावलवाला म्हणाला, "म्हंजे भरितावर कच्ची पात टाकतो तसं." मेहुणा दहा वर्षं तिकडे राहून हे इतक्या सोप्या शब्दात कधी सांगू शकला नव्हता.

मग घोट. चुणचुणीत, कोरडा, शेवटी कडसर. गोड नाही, पचपचीत नाही. गेला खाली. आता साडेआठवालीत काय होतं की घोट खाली गेला की जरा वेळानं छातीत कुणीतरी पणती लावतं. हळूहळू. आधी वात, मग ज्योत, मग सगळं घर. मी वाट बघत बसलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. हौदावर बेडूक ओरडतोय. मी अजून वाट बघतोय.

लाइट आली होती, पण उजेड काही पडला नाही.

"काय भो?" शेतवाला. मी म्हटलं, चांगली आहे. आणि हे म्हणताना माझ्या आवाजात जे काही होतं ते माझ्या लग्नात मामांनी रुखवत बघून "चांगलं आहे" म्हटलं होतं तेव्हा होतं. धुळेवाल्यानं पेला एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि निकाल दिला, "चव ते चांगली शे भो, पन हाई माले सोडा वॉटरच लागस." त्याचा मामा नंदुरबारकडचा, सातपुड्यातली मोहाची पहिल्या धारेची पिऊन हा मोठा झालेला, त्याच्या साक्षीवर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. यावलवाला म्हणाला, "मले तं बरी लागली." आणि मेहुणा? ज्यानं सात हजार किलोमीटरवरून बाटल्या वाहून आणल्या त्यानं पिशवीतून हळूच आपली इकडची स्ट्राँग काढली, म्हणे, "दाजी, ती मी तिकडे नेहमीच बघतो, मला ह्याची आठवण येते." आता याला काय म्हणावं!

आप्पा म्हणाले, "भरीत गार होऊ राहिलं."

मग जेवायला बसलो, आणि खरी पंचाईत तिथं झाली. कळण्याची भाकरी मोडली, भरिताचा घास घेतला, मिरची लागली, नाक वाहिलं, आणि वर हिचा घोट घेतला तर अहाहा. साडेआठवाली तिखटावर घेतली की आगीत तेल, दारू जितकी कडक तितकी मिरची जास्त जाळते, हे मला स्वतःच्या जिभेवर माहीत आहे. ही मात्र घासागणिक तोंड धुवून पुढच्या घासाला जागा करून देत होती. मला ती आवडायला लागली होती आणि याचाच मला राग येत होता. महिनाभर मी तिला नावं ठेवायची तयारी केलेली, दोन-तीन टोमणे पाठ करून आलेलो, बायकोला घरी जाऊन काय सांगायचं ते ठरलेलं, "पाणी होतं गं, निव्वळ पाणी." आता हे कसं म्हणू? वाईट असती तर बरं झालं असतं. धाकटी जाऊबाई मोठीपेक्षा गरीब पण स्वभावानं बरी निघावी तसं झालं, तोंड कुणाकडे करून बसावं कळेना. तरीपण मधेमधे घोट गिळल्यावर छाती सवयीनं त्या पणतीची वाट बघत होतीच.

आणि लाइटच आहे म्हणून मी दुसरी पण घेतली.

पाचवी धुळेवाल्यानं आणि यावलवाल्यानं वाटून घेतली, सहावी मी जर्किनच्या खिशात टाकली. बाराला खरंच लाइट आली, शेतवाला उठून मोटर चालू करायला गेला, आप्पांनी गाडी काढली.

घरी बायको जागी होती. शाळेत गणित शिकवते, हे आधी सांगायला हवं होतं. तिनं बाटली हातात घेतली, चष्मा लावला, लेबल वाचलं आणि वहीच्या मागच्या पानावर मांडायला सुरुवात केली. ३३० ला साडेआठ टक्के म्हणजे २८ मिली अल्कोहोल. ३३० ला ६.६६ म्हणजे २२. फरक?

"सहा मिली," मी म्हटलं.

"सहा मिली," ती म्हणाली. "लेकरांच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण असतं ना, तेवढंही नाही. यासाठी मी भावाला एवढं ओझं वाहायला लावलं? बरं, तुम्ही किती घेतल्या?"

मी म्हटलं, लाइट होती म्हणून...

"किती?"

"दोन."

"म्हणजे ४४. तुमची नेहमीची एक घेतली असती तर २८." पेन खाली ठेवलं. मला आयुष्यात पहिल्यांदा गणित आवडलं, कारण ते कुठं चाललंय ते मला दिसायला लागलं होतं. तिनं लगेच भावाला उठवलं, तो बिचारा हॉलमध्ये नुकता आडवा झालेला, आणि त्याला झापलं की आपल्याकडे पाच टक्क्यांच्या वर गेली की बाटलीवर स्ट्राँग लिहितात, तुझी ही लाइट आपल्याकडे स्ट्राँगच आहे, लाइट कशाला म्हणतात कळतं का तुला? तो अर्धवट झोपेत म्हणाला, ताई, तूच सांगितलं होतं. "पुढच्या वर्षी ओरिजिनल आण," ती म्हणाली. मी श्वास धरला. "एक. एकच बाटली. सहा नाही."

मी काही बोललो नाही. एक तर एक. तिथं पुढं बोललो असतो तर तीही गेली असती.

सहावी बाटली सध्या फ्रिजमध्ये आहे, दिवाणी डाळीच्या डब्यामागे.

सकाळी उठलो तर आई देवघरासमोर ग्लास नाकाशी धरून उभी. मी रात्री धुतला होता, दोनदा, पण काचेला तो वास राहतोच.

"कसला वास येऊ राहिला रे याला?"

"संत्र्याच्या सालीचा," मी म्हटलं.

तिनं पुन्हा एकदा हुंगलं, मान हलवली, "चांगला आहे," म्हणाली, आणि त्या डीवर पाच जास्वंदीची फुलं ठेवली.